माशांचं भोगवटा प्रमाणपत्र

सीबीडी बेलापूरच्या माणसाला नकाशा समोर असल्याशिवाय काही सुचत नाही. दादरचा माणूस पत्ता सांगताना 'गल्लीत शिरलात की कुणालाही विचारा' म्हणतो. आम्ही सेक्टर सांगतो, प्लॉट नंबर सांगतो, आणि पाहुण्याला कुणाला विचारायची वेळ आली तर ती शहराची बदनामी समजतो. बाकीची शहरं आधी वसली, मग त्यांचे नकाशे निघाले. आमच्याकडे १९७० साली सिडको स्थापन झाली, खाडीकाठच्या भातशेतीवर रेघा मारल्या गेल्या, मग रस्ते आले, गटारं आली, विजेचे खांब आले आणि सर्वांत शेवटी त्यात माणसं सोडण्यात आली.

त्यातून बेलापूर म्हणजे कचेऱ्यांचं माहेर. इकडे कोकण भवन, तिकडे सिडको भवन, मध्ये रिझर्व्ह बँक, पामबीच रस्त्याच्या टोकाला महापालिकेचं घुमटवालं मुख्यालय. संध्याकाळी फिरायला निघालेल्या कुठल्याही चार गृहस्थांपैकी तिघांनी आयुष्यात कधी ना कधी कुणाची तरी फाईल अडवलेली असते आणि चौथ्याची अडकलेली असते. आमचे हे त्या पहिल्या तिघांतले. नगररचनेत उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या अशा माणसानं घरात मासे पाळायचं ठरवलं, तर मासे सोडून बाकी सगळं आधी येणार हे ओघानंच आलं.

पूर्वी मराठी घरातली माशांची टाकी म्हणजे कशी सुटसुटीत बाब होती. फ्रिजशेजारी काचेची पेटी, तळाला लाल-निळे खडे, एक प्लॅस्टिकचं हिरवंगार झाड, बुडबुड्यांनी झाकण उघडमीट करणारी खजिन्याची पेटी आणि दोन गोल्डफिश. आमच्या पिढीनं शाळेच्या सहलीत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलेलं. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं ते मत्स्यालय म्हणजे आमच्या लेखी या विषयातला शेवटचा शब्द. घरची टाकी ही त्याचीच बारकी आवृत्ती. मासा दिसला, खाणं टाकलं, मासा वर आला, पोरं हसली, संपलं.

'प्लँटेड टँक' हा पंथ निराळा. यात मुख्य म्हणजे वनस्पती. मासा आला तर आला. साधा मासे पाळणारा तुम्हाला माशांबद्दल सांगतो, हा पंथ मातीबद्दल सांगतो. मातीचे कण किती मिलिमीटरचे, उजेड किती तास, पाण्यात विरघळलेला कर्बवायू किती. ऐकणारा अर्ध्या तासानं भीत भीत विचारतो, 'आणि मासे?' त्यावर एक क्षमाशील स्मित मिळतं.

या पंथाचे आद्य पुरुष म्हणजे जपानमधल्या निगाताचे ताकाशी आमानो. जन्म १९५४चा. गृहस्थ आधी सायकलच्या शर्यती मारून पोट भरत, मग छायाचित्रकार झाले, आणि १९८२ साली पाणवनस्पतींच्या टाक्यांसाठी कंपनी काढून बसले. टाकीत डोंगर दिसले पाहिजेत, कुरणं दिसली पाहिजेत, आणि ती कुणी मुद्दाम मांडली आहेत असं मात्र मुळीच वाटता कामा नये, हा त्यांचा आग्रह. २०१५ साली वारण्याआधी काही महिने त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात ४० मीटर लांबीचं पाण्याखालचं जंगल उभारलं. ह्यांनी त्याची चित्रफीत टीव्हीवर लावून आम्हाला दाखवली. माझ्या सासूबाई कुडाळकडच्या. त्यांनी ती शेवटपर्यंत शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, "ह्या तर आमच्या व्हाळात आसा."

पहिली बैठक वजनावर झाली. ह्यांच्या मनात ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी होती. हिशेब केला तर नुसतं पाणीच १९० लिटर, म्हणजे १९० किलो. वर काच, माती, दगड, लोखंडी स्टँड. मग भारतीय मानकाचं पुस्तक निघालं. राहत्या घराच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन धरतात, असं त्यात आहे. हे हॉलमध्ये टेप घेऊन रांगू लागले, तुळई कुठून जाते ते भिंतीवर टिचक्या मारून ऐकू लागले. मी म्हटलं, "अहो, गणपतीत त्या सोफ्यावर तुमचे तिन्ही भाऊ एकदम बसतात, तेव्हा कुठं जाते ही तुळई?" यावर मानकात उत्तर नव्हतं. शेवटी २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी ७० लिटरची टाकी भिंतीलगत मंजूर झाली. तिच्याखाली घालायला थर्माकोलचा ताव लागतो, म्हणजे काचेला खालच्या बारीक उंचवट्यांचा जाच होत नाही. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, तेव्हा आमच्या माळ्यावर दडून बसलेला एक ताव होता. बाप्पाच्या मागचा तो ताव माशांच्या खाली गेला, याबद्दल सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला.

मग दगड. आमानोंच्या दगडी मांडणीला 'इवागुमी' म्हणतात आणि त्यात प्रत्येक दगडाला हुद्दा असतो. सर्वांत मोठा तो ओयाइशी, त्याच्या खालोखाल फुकुइशी, त्यांना टेकू देणारा सोएइशी, आणि कोपऱ्यातला तो सुतेइशी, जो पुढे झाडोऱ्यात झाकून गेला तरी चालतो. आमच्या कन्येनं एवढं ऐकून घेतलं आणि जेवणाच्या टेबलाकडे बघत म्हणाली, "ओयाइशी आजी, फुकुइशी बाबा, आणि आई, सुतेइशी तू." दगडांची संख्या विषम हवी, तीन किंवा पाच. दुकानात हे दगड किलोवर मिळतात, आणि त्यांचा भाव ऐकून मला बदामाची आठवण झाली. आमच्या खिडकीतून पारसिकची टेकडी दिसते. तिथल्या खाणींतून निघालेल्या काळ्या दगडावर इथले कितीतरी रस्ते उभे आहेत. तो बेसॉल्ट; पाण्यात विरघळत नाही, पाणी जड करत नाही, पैसे मागत नाही. त्यावर लिंबू पिळून बघायचं. फेस आला तर चुना आहे, नको. टेकडीच्या पायथ्याला रस्त्याकडेला पडलेल्या खडीच्या ढिगाशी बसून एक पेन्शनर दगडांवर लिंबू पिळतो आहे, हे दृश्य येणाऱ्या-जाणाऱ्यांना अमावास्येचं वाटलं असणार. एका बाईनं चक्क रस्ता ओलांडला.

सासूबाईंचं म्हणणं, दगड हवा तर जांभा घ्या. "घराकडे गडग्याक लायतत तो." हे हसले. पण त्यांच्याच एका पुस्तकात निघालं की १९८०च्या दशकात जर्मन छंदिष्टांनी पाणवनस्पतींना लोह मिळावं म्हणून टाकीच्या तळाशी घालायला जांभ्याचीच भुकटी वापरली, आणि ती पाकिटात भरून विकलीही. म्हणजे कोकणात ज्याच्या भिंती घालतात आणि ज्यावर शेण सारवतात, तो ऐवज जर्मनीत ग्रॅमवर जात होता. तेव्हापासून सासूबाईंचा टाकीतला हुद्दा वाढला. त्या आता सल्लागार समितीवर आहेत आणि समितीची बैठक रोज असते.

लाकडाचा विषय मी थोडक्यात उरकते, कारण त्यात माझं मोठं पातेलं गेलं. खाडीकाठी तिवरांची मुळं सुंदर वेडीवाकडी दिसतात, पण तिवरांना हात लावायचा नाही, त्याबद्दल उच्च न्यायालयाचे आदेश आहेत. म्हणून दुकानातून वाळलेलं लाकूड आणलं. ते पाण्यात तरंगतं आणि पाणी चहाच्या रंगाचं करतं. म्हणून ते उकळायचं. ज्या पातेल्यात आमच्याकडे मोदक उकडतात, त्यात एक झाड दिवसभर रटरटत होतं. शेजारच्या वहिनी साखर मागायला आल्या, त्यांनी झाकण उचललं, झाकण ठेवलं आणि साखर न घेताच गेल्या.

झाडं आणायला हे कुर्ल्याला गेले. बेलापूरहून हार्बर लाईन थेट, त्यामुळे मुंबईत ज्या मोजक्या ठिकाणी आम्ही आनंदानं जातो त्यांत कुर्ला आहे. परत आले ते लहान लहान बंद डब्या घेऊन. प्रयोगशाळेत जेलीवर वाढवलेली, गोगलगायीचं अंडंही नसलेली, सोवळ्यातली झाडं. एकीत पश्चिम आफ्रिकेतलं अनुबियास. त्याचं खोड मातीत पुरायचं नाही, दगडाला दोऱ्यानं बांधायचं. पुरलं तर कुजतं. एकीत क्रिप्टोकोराइन. याचे भाऊबंद कोकणातल्या नद्या-ओढ्यांत आपसूक उगवतात, तेव्हा सासूबाईंच्या व्हाळाला इथं पहिला शास्त्रीय आधार मिळाला. एकीत व्हॅलिस्नेरिया, जिच्या लांब फिती गावोगावच्या तळ्यांत पायाला गुंडाळतात. आणि शेवटच्या डबीवर लॅटिन नाव, बाकोपा मोनिएरी. सासूबाईंनी चष्मा लावला, डबी उजेडात धरली. "ही ब्राह्मी."

ब्राह्मीच होती. आजवर आमच्या घरात ती तेलात यायची. आता ती परदेशी जेलीवर बसून, वातानुकूलित दुकानातून, रेल्वेनं आली. हे म्हणाले, या झाडांच्या जातीच शुद्ध आहेत. सासूबाईंनी फक्त विचारलं, एका डबीला किती दिले. आकडा ऐकल्यावर त्यांनी डबी दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवली.

लागवडीसाठी आलेखाचा कागद होता. पुढे आखूड, मध्ये मध्यम, मागे उंच, असे तीन पट्टे. प्रत्येक रोपाची जागा, रोपारोपांतलं अंतर, आणि उजव्या कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण. माशाला उत्तर दिशा कशाला लागते, हे मी विचारलं नाही. पस्तीस वर्षं बाण काढलेला हात तो, थांबत नाही. पुढच्या पट्ट्यात हिरवळ अंथरायची होती. तिची रोपं तांदळाच्या दाण्याएवढी. एकेक लांब चिमट्यात धरून मातीत तिरकं खोचायचं आणि चिमटा हलकेच सोडवून घ्यायचा. चिमटा बाहेर येताना रोपालाही घेऊन येतो. दहा लावावीत, अकरावं लावताना सातवं तरंगत वर यावं. हे खाली वाकलेले, शर्टाच्या बाह्या दंडापर्यंत ओल्या, आणि तोंडातून एक शब्द नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यानं नियोजन नाकारल्यावर ह्यांचा चेहरा असाच व्हायचा म्हणतात.

पाण्याच्या बाबतीत मात्र नवी मुंबईकर भाग्यवान. महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, तिथलं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन आमच्या नळाला येतं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस तो. मऊ पाणी, त्यात क्षार थोडे. अमेझॉनच्या खोऱ्यातल्या माशांना असंच लागतं. फक्त त्यातलं क्लोरिन घालवायचं. त्यासाठी पाणी बादलीत रात्रभर ठेवावं किंवा दोन थेंब औषध टाकावं. हे दोन्ही करतात. न्हाणीघरात भरलेल्या बादल्यांची रांग पाहून आलेला पाहुणा हळूच विचारतो, 'बेलापूरलाही पाण्याची बोंब आहे का?'

आणि मग सुरू झाला तो काळ, ज्यात टाकीत सगळं होतं आणि मासा नव्हता.

याला 'सायकलिंग' म्हणतात. नव्या मातीतून, कुजणाऱ्या पानांतून अमोनिया निघतो. तो माशाला विष. एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बेताचं असेल तर चालतं, झाडं ते खातात. या जिवाणूंची वसाहत गाळणीत आणि मातीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्यांचं काम झाल्याखेरीज दुसऱ्यांचं सुरू होत नाही. ही यंत्रणा समजायला बाहेरगावच्या माणसाला चित्रं काढून दाखवावी लागतात. बेलापूरमध्ये एका वाक्यात समजते. कागद पहिल्या टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळत नाही, आणि ते नसताना राहायला गेलात तर परिणामांना तुम्ही जबाबदार. आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांनी ओसीची वाट पाहत भाड्याच्या घरात संसार काढलेले. त्यांनी रिकाम्या टाकीकडे पाहून सहानुभूतीनं मान हलवली. "अजून दिली नाही का? टेबलाखालून काही बघा ना." आणि खरंच, बाटलीत भरलेले तयार जिवाणू दुकानात मिळतात. हे म्हणाले, "मी आयुष्यभर घेतलं नाही, आता देणार नाही." बाटली आणली नाही.

त्या काळात घरी येणारा प्रत्येक जण टाकीपुढे उभा राहायचा, डावीकडून बघायचा, उजवीकडून बघायचा, वाकून दगडामागे बघायचा. 'मासे कुठं लपलेत?' मग ह्यांचं व्याख्यान. ते सुरू झालं की मी चहा टाकायची. नायट्रेटपर्यंत येईस्तोवर चहा होतो. एका नातलगांनी वास्तुशास्त्र काढलं. ईशान्येला टाकी, त्यात आठ सोनेरी आणि एक काळा मासा, घरात लक्ष्मी नांदते. हे म्हणाले, गोल्डफिश सगळी झाडं उपटून खातो, लक्ष्मी येईपर्यंत ब्राह्मी जाते. शिवाय टाकी ईशान्येला नाही, तुळईवर आहे.

मध्येच क्रिप्टोकोराइनची सगळी पानं विरघळून गेली. रोपवाटिकेत ही झाडं हवेत वाढवतात. पाण्यात घातली की हवेतली पानं सोडून देतात आणि मुळाशी दम धरून पाण्यातली नवी काढतात. हे सगळं पुस्तकात आहे. तरी हे त्या रात्री जेवले नाहीत.

कर्बवायूचं प्रकरण तेवढं सविस्तर सांगायला हवं. जगभर पुढारी जमून हा वायू कमी करायच्या आणाभाका घेतात आणि माझा नवरा तो विकत आणून हॉलमध्ये सोडतो, यातली गंमत त्याला दिसत नाही. विकत आणणं नंतरचं. आधी घरगुती पद्धत झाली. बाटलीत साखरेचं पाणी, त्यात यीस्ट, झाकणातून नळी टाकीत. आंबवण होतं, वायू निघतो, बुडबुडे जातात. मी साखरेऐवजी गूळ सुचवला. मे महिना होता. दुपारी सासूबाई झोपेतून उठून बाहेर आल्या, भिंतीला धरून उभ्या राहिल्या, हवा हुंगली. "हय कोण दारू गाळता?" शास्त्रीयदृष्ट्या त्यांचं बरोबर होतं, यीस्ट वायूबरोबर मद्यार्कही करतं. संध्याकाळपर्यंत वास जिन्यात गेला. सोसायटीचे सेक्रेटरी सहज म्हणून येऊन गेले, आणि त्यांच्यामागून आणखी दोघं जण आले, ते जरा आशेनं आले असावेत असं मला वाटलं.

मग लोखंडी सिलिंडर आला. त्याला दाबमापक, बारीक झडप, बुडबुडे मोजायची काचेची नळी, आणि पाण्यात लटकणारा एक थेंब. वायू कमी असला तर तो थेंब निळा, बेताचा असला तर हिरवा, फार झाला तर पिवळा. सेकंदाला एक बुडबुडा हे प्रमाण. हे घड्याळ धरून बसतात. पूर्वी ह्यांच्या कचेरीत बायोमेट्रिक हजेरी आली तेव्हा केवढा निषेध केला होता. आता बुडबुडा अर्ध्या सेकंदानं उशिरा आला तर झडपेकडे कारणे दाखवा नोटीस जाते.

दिवाही टायमरवर. दुपारी चार ते रात्री दहा. एरवी नाही, कारण उजेड जास्त झाला की शेवाळ धरतं. त्यामुळे सकाळी आलेल्या पाहुण्याला काळोखी काच दिसते, आणि रात्री दहाला मालिका ऐन भरात असताना हॉलमध्ये सूर्यास्त होतो. टाकीतली झाडं पानं मिटायला लागतात. ह्यांच्या मते त्या वेळी ट्यूबलाइटही घालवायला हवी. ते मी चालू दिलेलं नाही.

अखेर पाण्याची चाचणी मनासारखी आली. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. हे कुर्ल्याला गेले ते निऑन टेट्रा घेऊन आले. संध्याकाळची गर्दी, पनवेल गाडी. प्राणवायू भरून फुगवलेली पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरलेली. टिळकनगरला शेजारच्यानं विचारलं, काय आहे? "टेट्रा." "पॅक?" मानखुर्दपर्यंत सगळ्या कंपार्टमेंटला कळलं की काकांकडे मासे आहेत, आणि वाशीच्या खाडीपुलावर येईतो सल्ले जमा झाले. एक म्हणाला, गप्पी घ्यायचे, विहिरीत डासांच्या अळ्यांसाठी सोडतात ते, मरता मरत नाहीत. दुसऱ्याच्या मेहुण्याकडे फ्लॉवरहॉर्न होता, तो आल्यापासून मेहुण्याचं प्रमोशन झालं. जुईनगरला एका कोळीणबाईनं पिशवीत डोकावून बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि आपली टोपली जरा लांब सरकवली.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. दिवाळे गावच्या बाजारात मासे घेणाऱ्या बाईला निऑन टेट्रा दाखवणं सोपं नसतं. निळी-तांबडी झळाळणारी, पाऊण बोटाची काडी. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवलेली, आतलं-बाहेरचं तापमान एक होईस्तोवर थांबायचं असतं. त्या वेळात त्यांनी भाव काढला. एकाचे ३० रुपये. वजन? कन्येनं फोनवर बघून सांगितलं, अर्धा ग्रॅम धर. सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला. किलोला ६०,०००. त्या क्षणी आमच्या घरात पापलेट हा गरिबाचा मासा ठरला. "रांधूचे नाय तर हाडलंस कित्याक?" त्यांनी मुलाला विचारलं. पण पिशवी सोडल्यावर तो थवा एकदम वळला, निळी रेघ दगडामागून निघून लाकडाखाली गेली, तेव्हा खुर्ची पुढे ओढून घेतली ती त्यांनीच. त्यांची मालिका त्या दिवशी कुणी लावली नाही.

माशांच्या मागोमाग विनापरवाना रहिवासी आले. एका पानावर बारकी गोगलगाय दिसली. डब्यांतली झाडं सोवळ्यातली, तर मग ही आली कुठून? एका परिचितांनी प्रेमानं दिलेल्या शेवाळाच्या गुच्छातून आली असावी. आठवड्यात तिचा मोहल्ला झाला. हे रात्री टॉर्च लावून अतिक्रमण हटाव पथक चालवू लागले. माझी सहानुभूती गोगलगायींकडे आहे, आणि तिला इतिहासाचा पाठिंबा आहे. लंडनमध्ये १८५०च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं काचेच्या पात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ठेवून झाड आणि मासा एकमेकांना कसे जगवतात ते तपासलं. त्याचं पाणी कुजक्या पानांनी घाण होऊ लागलं, तेव्हा त्यानं मुद्दाम गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि पात्र स्वच्छ राहिलं. एवढी जुनी भोगवटादार मंडळी. त्यांना नियमित करून घ्यायला काय हरकत आहे? नवी मुंबईत इतकं काय काय नियमित झालंय.

खरा बंडखोर निघाला तो क्रिप्टोकोराइन. उपासाच्या रात्री गेलेला समजून ज्याच्यासाठी ह्यांनी अन्न सोडलं होतं, त्यानं मातीखालून धावते कोंब सोडले आणि मधला पट्टा ओलांडून पुढच्या हिरवळीत पानं काढली. आलेख-कागदावर तिथं काहीच नव्हतं. बेलापूरच्या सेक्टर ८मध्ये आर्टिस्ट व्हिलेज आहे. १९८३ ते ८६ या काळात वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी बांधलेली ती बैठी घरं, एका चौकाभोवती सात, कुणाची भिंत कुणाला लागून नाही. पुढे कुटुंब वाढलं तर ज्यानं त्यानं आपलं घर वाढवावं, अशी मूळ योजनाच होती. लोकांनी ती इतकी मनावर घेतली की आज कोरियांचं उतरतं छप्पर शोधत फिरावं लागतं. आमच्या ह्यांनी त्या वस्तीवर वर्षानुवर्षं भाषणं दिली आहेत. नियोजनकारानं वाढीला वाव ठेवावा, रहिवाशांवर विश्वास टाकावा, वगैरे. मी त्या क्रिप्टोकोराइनकडे बोट दाखवून म्हटलं, "कोरिया काय म्हणाले असते?" हे म्हणाले, "कोरियांच्या घरांना मुळं नव्हती," आणि कात्री आणायला गेले.

कात्री लांब, वाकडी, जपानी बनावटीची. दर रविवारी छाटणी. छाटलेल्याचा ढीग वर्तमानपत्रावर. तो टाकवत नाही, कारण प्रत्येक काडी डबीच्या भावाची. म्हणून इमारतीत वाटप सुरू झालं. तळमजल्यावर टाकी झाली, तिसऱ्यावर झाली, आणि आता रविवारी सकाळी आमच्याकडे तीन गृहस्थ आलेख-कागद घेऊन बसतात. सेक्रेटरी आधी गळतीच्या भीतीनं विरोधात होते; त्यांच्या घरी परवा दगडाला लिंबू पिळल्याचं कळलं.

ब्राह्मी मात्र टाकीत खुरटली. उंच जायची तिथं बुटकी राहिली, खालची पानं पिवळी. ह्यांनी पोटॅशची मात्रा वाढवली, लोह दिलं, बुडबुडे दीडपट केले. छाटलेल्या चार काड्या सासूबाईंनी कधीतरी गॅलरीत तुळशीच्या कुंडीत खोचल्या होत्या, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पावसाळ्यात कन्येनं कपडे काढताना ओरडून सगळ्यांना बोलावलं. कुंडीची माती दिसत नव्हती. ब्राह्मी काठावरून खाली ओघळली होती, तिला बारीक पांढरी फुलं आलेली.

"आई, तू हिला काय घालतेस?" ह्यांनी विचारलं.

"तांदळाचा धुवण."

हे आत गेले, पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर घेऊन आले. ओट्यावर धुवणाचं भांडं होतं, त्यात त्यांनी मीटर बुडवला, आकडा वाचला, मीटर झटकला आणि पुन्हा बुडवला. मग वही काढून तारीख घातली. सासूबाई तांदळाची परात कमरेवर घेऊन उभ्या होत्या.

"आकडो बरो आसा मा?" त्या म्हणाल्या. "मगे सरक. भात लावतंय."